बाजूला बसायचे तीन दिवस

आधीच सांगून टाकते: मी दोनदा खोटं बोलले, आणि दोन्ही वेळा अगदी विचार करून बोलले. ज्यांना बायकांच्या पाळीविषयी छापलेलं वाचलं की कसंसंच होतं, त्यांनी हे पान इथेच उलटावं. पुढच्या पानावर बहुधा लोणच्याची कृती असेल, ती सुखाने वाचावी. त्यातल्या कैऱ्या कोणी फोडल्या, ते मात्र विचारू नये.

आमचं बिऱ्हाड पिंपरीला, औषधांच्या कंपनीच्या वसाहतीत. बार्शीहून इथे येऊन आम्हाला दोन वर्षं झाली. उद्धवराव, म्हणजे आमचे यजमान, बाटल्यांच्या खात्यात कारकून आहेत. मुलगी लग्न होऊन कराडला गेली. घरात दोघंच. ह्या कंपनीत बुरशी वाढवतात आणि तिच्यापासून औषध काढतात. बाहेरदेशचे साहेब येऊन त्या बुरशीचं कौतुक करून जातात. म्हणजे बुरशी हवीहवीशी, तिला बंद खोलीत जपायचं. आणि बाई मात्र महिन्यातले तीन दिवस विटाळाची, तिला मागच्या पडवीत ठेवायचं. हे मी उद्धवरावांना एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "बुरशीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यावर सरकारी देखरेख असते."

पण खरं सांगायचं तर त्या पडवीबद्दल माझी तक्रार नव्हती. उलट सगळा घोटाळाच मला ती पडवी आवडत होती म्हणून झाला.

मागच्या दारी चार हात लांब, दोन हात रुंद जागा. एक घोंगडी, एक पितळी, एक तांब्या. समोर नुसतं माळरान, बाभळी, आणि पलीकडे पवनेची ओळ. दुपारी नदीकडून वारा येतो तो आधी मला लागून मग वसाहतीत जातो. तिथे बसलं की पाणी भरायचं नाही, भाकऱ्या थापायच्या नाहीत, पाहुण्याला चहा विचारायचा नाही. कोणी शिवायचं नाही, म्हणजे कोणी हाकही मारायची नाही. तिसरीत माझी शाळा सुटली. त्यानंतर जे काय शिकले ते असंच कोपऱ्यात बसून शिकले. सासरी आधी पुड्यांचे कागद वाचले, मग जुनी वर्तमानपत्रं, मग पुस्तकं. वर्षाचे छत्तीस दिवस धरले तर तीस वर्षांत तीन वर्षांची शाळा होते. मास्तर नाही, छडी नाही, आणि हजेरी निसर्गच लावतो.

ह्या तीन दिवसांत स्वयंपाक उद्धवरावांकडे. त्यांना दोन पदार्थ येतात, भात आणि करपलेला भात. ते आत स्टोव्हपाशी उभे, मी बाहेर घोंगडीवर, मधे दार उघडं. मी मोठ्याने वाचते आणि ते ढवळता ढवळता विचारतात, "मग? पुढे काय झालं?" एरवी आमचं बोलणं म्हणजे 'मीठ आणा' आणि 'आणलं'. महिन्यातून तीन दिवस मात्र हा माणूस मला पुढे काय झालं ते विचारायचा.

मग एरवी का वाचत नाही, असं विचारणारे पुरुष असतात. एरवी पुस्तक हातात घेतलं की पाच मिनिटांत इंदुताई दारात उभ्या. "काही काम नाही वाटतं आज?" इंदुताई शेजारच्या घरातल्या, वाईच्या. बाई मनाची चांगली, पण डोळा पोलीसपाटलाचा. आमच्या चार घरांच्या ओळीत रीत अशी, की जी बाजूला बसली तिच्या घरी शेजारणीने पोळ्या पाठवायच्या. त्यामुळे कोणाची तारीख कधी हे सगळ्यांना माहीत. इंदुताई तर दाराच्या मागे कोळशाने रेघा ओढतात. चार घरांच्या चार ओळी. आमच्या वसाहतीत कुठली गाडी किती उशिरा येईल ते स्टेशनमास्तरला सांगता येणार नाही, पण कोण बाई किती दिवस उशिरा आहे ते इंदुताई सांगतील.

माझी तारीख पाच.

मार्गशीर्षात ते सुरू झालं. पोळ्या लाटत होते, आणि छातीच्या खालून एकदम भडका उठला. मानेवरून कानापर्यंत चढला. बाहेर थंडी अशी की इंदुताई स्वेटरवर शाल घेऊन फिरत होत्या, आणि मी पदराने वारा घेत घामाने भिजलेली. दोन मिनिटांत सगळं शांत, मग उलट हुडहुडी. असं दिवसातून सात-आठ वेळा. छातीत धडधड. नीट झोप नाही. डब्याचं झाकण उघडायचं आणि कशाला उघडलं ते आठवायचं नाही. आणि राग! राग मला पूर्वीही येत असे, पण तो कारण विचारून येत असे. आता तो परस्पर येऊ लागला. एकदा उद्धवराव "भाजीत मीठ..." एवढंच म्हणाले, तर मी उलथनं फेकलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरला लागलं. मीठ जास्त झालं की कमी, ते आजतागायत मला कळलेलं नाही.

जानेवारीची पाच तारीख आली. काहीच नाही. सहा आली, सात आली. वाचनालयातून आणलेली कादंबरी फळीवर पडून. पुढची मागची पानं गेलेली, पण आत एक बाई होती, आणि ती नवऱ्याच्या घरून निघायच्या बेतात होती. मी महिनाभर तिला उंबऱ्यावर उभी करून ठेवलेली. भांडी घासताना माझं लक्ष पडवीकडे. वारा येत होता आणि कोणाला न लागता आत जात होता.

आठ तारखेला मी उद्धवरावांना म्हटलं, "मी बसते आहे." आणि घोंगडी अंथरली.

पहिलं खोटं ते हे. देवाला फसवलं असं कोणी म्हणेल. देवाने मला ह्या बाबतीत कधी काही विचारलेलं नाही, विचारतात त्या इंदुताई. तीन दिवस वाचलं. ती बाई घरातून निघाली. उद्धवरावांनी भात करपवला आणि म्हणाले, "बरं केलं तिने. पण जाणार कुठे?" मला इतकं बरं वाटलं की पुढचे पाच-सहा दिवस भडकेसुद्धा गोड लागले.

आणि मग सतरा तारखेला खरी पाळी आली.

आता काय करायचं? खोट्याला बसले होते, तर खऱ्याला न बसून कसं चालेल? पुन्हा घोंगडी. इंदुताई पोळ्या घेऊन आल्या त्या दारातच थबकल्या.

"अहो शालनबाई, आत्ताच तर झाली होती की!"

"झाली होती."

"मग ही कुठली?"

जशी काही मी पाळी उसनी आणली होती. त्या संध्याकाळी आमच्या मागच्या दारी सभा भरली. कोणी म्हणालं उष्णता, सब्जा भिजवून घ्या. कोणी म्हणालं वांगं बंद करा. दुसरी म्हणाली वांग्याने काही होत नाही, वर्तमानपत्र बंद करा, शाईने डोळ्यांतून उष्णता शिरते. इंदुताईंनी अशोकाच्या सालीचा काढा सांगितला, आणि नुसता सांगून थांबल्या नाहीत, रोज सकाळी पेलाभर करून आणू लागल्या आणि मी पिईपर्यंत समोर उभ्या राहू लागल्या. त्या काढ्याची चव मी इथे लिहीत नाही. कागद खराब होईल.

शहाणपणाचं बोलली ती एकटी छबूबाई. ही चिखलीहून दूध घालायला येते, गावची जुनी शेतकरीण, साठीची. चरवी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वैनी, भडका व्हतोय का अंगाचा?"

"होतो."

"आन कुनाला तरी धरून बडवावं वाटतंय?"

"वाटतं."

"मंग काय न्हाई. जायाची येळ झाली तुमची. माजी सासू ह्याच दिसात उसात जाऊन बसायची. आमी हाका मारायचो, ती ओ द्यायची न्हाई. सांजच्याला येऊन भाकरी थापायची." मग चरवी उचलता उचलता म्हणाली, "उसात बसून काय करायची कुनाला ठावं. आमी इचारलंच न्हाई कंदी."

मला त्या न पाहिलेल्या म्हातारीची दिवसभर आठवण येत राहिली. ऊस मोठा असेपर्यंत ठीक, पण ऊस तोडल्यावर ती कुठे बसत असेल?

फेब्रुवारीत पाळी आली नाही. मी पाच तारखेला नियमाने बसले. हे दुसरं खोटं. त्या तीन दिवसांत कादंबरीतली बाई नदीवर पोचली आणि होडीत बसली. मधोमध गेल्यावर धुकं उतरलं, ना हा काठ दिसे ना तो. तेवढ्यात माझा चौथा दिवस उजाडला. न्हाऊन घरात आले. होडी पाण्यात राहिली.

मार्चमध्ये मी मार खाल्ला तो माझ्या विसराळूपणाने. पाच तारीख आली आणि गेली, आणि खोटं बोलायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही! माणसाला खरं विसरलेलं चालतं, पण खोटं विसरून कसं चालेल? वीस तारखेला सकाळी इंदुताईंचा काढा पोटात ठरेना. मी न्हाणीकडे धावले. ओकून बाहेर आले तर इंदुताई हातात रिकामा पेला घेऊन बोटं मोजत उभ्या.

"त्रेचाळीस दिवस," त्या म्हणाल्या. "शालनबाई! आणि आम्हाला सांगायचं नाही होय?"

"काय सांगायचं?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "कराडची लेक आणि तुम्ही, बाळंतपणं एकदमच करा आता."

मी सत्तेचाळीस वर्षांची.  माझं गप्प राहणं म्हणजे लाजणं असं ठरलं. दुपारपर्यंत दोन घरांतून चिंचा आल्या, एका घरातून कैरी. संध्याकाळी उद्धवराव कंपनीच्या फाटकातून बाहेर पडले तर शिफ्ट सुटलेल्या दोघांनी त्यांचा हात हातात घेऊन हलवला. त्यांना वाटलं, बढती मिळाली. त्यांनी आभारही मानले.

घरी आल्यावर त्यांना कळलं. ते टोपी घालूनच खाली बसले. मग म्हणाले, "अगं, पण... कसं?"

"मला काय विचारता?"

"मग कोणाला विचारू?"

 दुसऱ्या दिवशी उद्धवराव कंपनीच्या दवाखान्यात गेले. तिथे दर गुरुवारी पुण्याहून लेडी डॉक्टर येते, पण तिला भेटायचं तर आधी फॉर्म भरायला हवा. फॉर्मवर 'रोगाचं नाव' असा रकाना. उद्धवरावांना लाज वाटली. त्यांनी लिहिलं, 'घरगुती'. खिडकीतल्या आबाजी कारकुनाने चष्मा वर करून फॉर्म परत दिला. घरगुती ह्या नावाचा रोग यादीत नाही. मग ह्यांनी 'अशक्तपणा' लिहिलं, तर त्याला लेडी डॉक्टर मिळत नाही, कंपाउंडर लाल औषध देतो. लाल औषध घेऊन आले. तिसऱ्या खेपेला त्यांनी रकाना कोरा ठेवला. आबाजी म्हणाला, रोगाचं नाव असल्याशिवाय नंबर नाही. रोगाचं नाव कोण सांगणार? डॉक्टर. मग डॉक्टरला भेटू द्या. नंबर असल्याशिवाय भेटता येत नाही. आमचे यजमान स्वतः कारकून असल्यामुळे त्यांना हे बरोबर वाटलं. ते घरी आले.

मी मात्र बरोबर वाटून घेतलं नाही. गुरुवारी लुगडं नीट नेसले आणि स्वतः गेले. ओळीत पंधरा-वीस माणसं, सगळे पुरुष. कोणाचं बोट कापलेलं, कोणाला पडसं. खिडकीशी पोचले आणि नेमका भडका उठला. घाम कपाळावरून डोळ्यांत.

"रोगाचं नाव?" आबाजी.

मी म्हटलं, "लिहा. अंगाचा भडका होतो. छाती धडधडते. झोप नाही. राग येतो, आत्ताही येतो आहे. पाळी कधी येते, कधी येत नाही, आणि लोक मला चिंचा देतात. यादीत ह्याला काय म्हणतात ते तुम्ही बघा."

मागे पडसंवाला शिंकायचा थांबला. आबाजीच्या टाकाचा थेंब फॉर्मवर पडला. त्याने खाली मान घालून रकान्यात 'इतर' लिहिलं आणि मला नंबर दिला. सत्तेचाळीस वर्षं जगून मी 'इतर' झाले. अपमान वाटला, पण आत तर गेले.

लेडी डॉक्टर कुसुमताई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. तिने तपासलं, हात धुतले आणि म्हणाली, "बाळ नाही." मी म्हटलं, "ते मला माहीत होतं. माझ्या शेजारणींना चिठ्ठी द्या." ती हसली आणि समोर खुर्ची घेऊन बसली. मला इतक्या वर्षांत कोणी समोर बसून माझंच शरीर समजावून सांगितलं नव्हतं. म्हणून तिने सांगितलं तसं इथे लिहिते. कोणा बाईच्या उपयोगी पडेल.

पोटात दोन लहान ग्रंथी असतात. त्यांच्यातून एक रस रक्तात उतरतो. त्याला हार्मोन म्हणतात. पाळी त्याच्या तालावर चालते. वय झालं की तो रस आटतो, पण सरळ आटत नाही. आज भरपूर, उद्या काही नाही. म्हणून पाळी कधी पंधरा दिवसांत, कधी दोन महिन्यांत. "तुमच्या यजमानांच्या कंपनीत टाक्यांची उष्णता सांभाळायला माणूस असतो ना?" ती म्हणाली. "तसा एक आपल्या डोक्यातही असतो. त्याला ह्या रसाची सवय असते. रस कमी-जास्त झाला की तो गडबडतो. टाकी गरम नसताना ओरडतो, गरम झाली. मग घाम, धडधड. झोप जाते, त्याने विसरायला होतं, चिडचिड होते. हे वेड नाही आणि आजारही नाही. काहींचं वर्षात निवतं, काहींचं चार-पाच वर्षं चालतं. सबंध वर्ष पाळी आली नाही म्हणजे गेली समजायची. त्यानंतर कधी रक्त दिसलं, किंवा आत्ता फार जाऊ लागलं, तर मात्र तडक यायचं, काढे पीत बसायचं नाही."

मी विचारलं, "औषध?"

"सुती कपडे. तिखट, चहा बेताने. संध्याकाळी चालणं. आणि विश्रांती. महिन्यातून दोन-तीन दिवस तरी नुसतं स्वस्थ बसता का कधी?"

एवढं विचारलं आणि मला रडू आलं. आबाजीसमोर न रडलेली मी तिच्यासमोर हुंदके देऊन रडले. "बसत होते," म्हटलं, "दर महिन्याला. आता तेच गेलं." आणि सगळं सांगितलं: पडवी, कादंबरी, दोन खोटी, होडी. मी म्हटलं, "बाई, मला तेवढी चिठ्ठी द्या. महिन्यातून तीन दिवस हिला बाजूला बसू द्यावं. खाली सही, शिक्का."

तिने टाक उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाली, "चिठ्ठी मी आजाऱ्याला देते. तुम्ही चांगल्या धडधाकट आहात."

परत येताना मला सगळ्यात जास्त राग आला तो ह्याचा. विटाळशी बाईला रजा आहे, आजारी बाईला रजा आहे. धडधाकट बाईला नाही. रस्त्याकडेच्या रोपांना कंपनीने जाळ्या लावल्या आहेत, कोणी शिवू नये म्हणून. मला त्या रोपांचा हेवा वाटला.

घरी आल्यावर मी उद्धवरावांना सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी टोपी काढली. "म्हणजे," ते म्हणाले, "ते सहा दिवस मी उगाच भात केला?"

"उगाच केला."

 पुढचे आठ-दहा दिवस आमचं बोलणं 'मीठ आणा' आणि 'आणलं'. इंदुताईंनाही मी सांगितलं, बाळ नाही, पाळी जायची वेळ आली आहे. त्यांनी दारामागे माझ्या ओळीवर ओला फडका फिरवला, फार हळू फिरवला, आणि म्हणाल्या, "सुटलात हो तुम्ही." सगळ्याच तसं म्हणाल्या. मी पडवीत घोंगडी घडी घालून ठेवली, तिच्यावर सांडगे वाळत घातले. वारा आता सांडग्यांना लागू लागला. भांडी घासताना मला एकच दिसायचं, मधोमध अडकलेली होडी, आणि तिच्यात बसलेली ती बाई. तिला निदान होडी तरी होती.

एप्रिलची पाच तारीख. सुट्टीचा दिवस. मी तांदूळ निवडत होते. उद्धवराव आले आणि कोपऱ्यात घुटमळत राहिले. मग म्हणाले, "आज पाच."

"मग?"

"काही नाही." स्टोव्हकडे पाहिलं. "ती बाई... दोन महिने झाले गं होडीत आहे."

मी वर पाहिलं. त्यांनी माझ्या हातातलं सूप काढून घेतलं आणि स्टोव्हला पंप मारायला बसले. कान लाल झाले होते, जसा काही त्यांनाच भडका आला होता.

मी घोंगडी काढली, झटकली. पडवीत अंथरायला निघाले आणि थांबले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून, आतल्या बाजूला अंथरली. उद्धवरावांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "असू दे. त्यांनाही ऐकू जाईल."

मागच्या दाराशी इंदुताईंची सावली पडली. घोंगडी, मी, पुस्तक, स्टोव्हपाशी उद्धवराव, सगळं त्यांनी पाहिलं.

"अहो शालनबाई! बसलात?"

"बसले."

"पण तुमचं तर गेलं ना?"

"ते गेलं, इंदुताई. मी आहे."

त्या गेल्या नाहीत. चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, मग पायरीवर बसल्या. मी पान उघडलं. नदीकडून वारा आला, त्याच्या पाठोपाठ भडकाही आला. ओळी घामात पुसट झाल्या. पदराने डोळे टिपले, बोट ठेवून ओळ शोधली आणि वाचू लागले. धुक्यातून काहीतरी काळं दिसलं. झाड असेल, माणूस असेल.

"मग?" इंदुताई म्हणाल्या.

"थांब, थांब," स्टोव्हपाशी उद्धवराव ओरडले, "भात लागतोय. मी आल्याशिवाय पुढे वाचू नकोस!"